फक्त धान्य

खारकर आळीत आमचा क्लास गिरणीच्या डोक्यावर आहे.
खाली पट्टा फिरतो, वर तत्कार.
लादीच्या अंगात दिवसभर एक बारीक थरथर असते,
नव्या मुलींना वाटतं, आपल्याच पायांची.
संध्याकाळी घुंगरांवरून हात फिरवला
की बोटाला ज्वारी लागते.

हरेश्वर भोईर, गिरणीवाले, परवा जिन्यात म्हणाले,
बाई, तुमच्या मुली माझ्या काट्यावर चढतात.
पोत्यांच्या. मी डबे लावायला वळलो की.
ती नाखव्यांची कौमुदी तर रोज.
काल अडतीस भरली.
एवढ्या उंच पोत्यात अडतीस निघाले
तर गिऱ्हाईक म्हणेल, मापात खोट आहे.

मी हसले. वर येईपर्यंत हसू विरलं.
सोळा चक्करांत ती बाराव्याला जागा सोडते
हे मला गणपतीपासून दिसत होतं.
मी म्हणत होते, नजर. नजर ठेव एका ठिकाणी.
भिंतीत खिळासुद्धा ठोकून दिला तिच्यासाठी.
नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणाले एकदा,
सगळ्यांदेखत.

मला वाटलं, बारीक व्हायचं वेड.
ते वेड माझ्याकडे भाड्याने राहून गेलंय.
एकविसाव्या वर्षी, गडकरीला कार्यक्रम,
आठ दिवस काकडी आणि कोरा चहा,
कंबरपट्टा शेवटच्या भोकात.
टाळ्या पडल्या.
पाळी चार महिने फिरकली नाही,
आणि डाव्या पावलाच्या हाडात केसाएवढी चीर,
ती अजून बोलते, जिना उतरताना.
हाडंही जेवतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तिला समोर बसवलं, भाषण सुरू केलं:
डाळ, तीळ, दूध, मूठभर शेंगदाणे,
आणि नाचणी, बघ, नावातच नाच आहे तिच्या.
ती खाली बघत दप्तराची चेन
उघडत होती, मिटत होती.
मग उघडीच ठेवली.
आत स्टीलचा डबा. भरलेला.
तांदळाची भाकरी, कडा वातड झालेल्या,
आणि जवळा, कांद्यात परतलेला.
शाळा एकला सुटते, क्लास तीनला,
मधले दोन तास ती याच पायरीवर.

‘ताई, तुम्ही जूनमध्ये सांगितलं होतं ना,
वास नको. जिन्यातही नको.’

सांगितलं होतं.
फळ्यावर लिहिलंही होतं: चपला बाहेर, मोबाइल बंद,
आणि तिसरी ओळ.
वळणदार अक्षरात, उदबत्ती लावून झाल्यावर.
जूनपासून तो डबा
चेंदणीची मांजरं खात होती.

बराच वेळ खालची गिरणीच बोलली.
काट्याबद्दल मी विचारलं नाही.

मी जवळा खात नाही. भाकरीचा कोपरा मोडला, कोरडाच.
घशाशी अडकला, तिच्याच बाटलीतलं पाणी प्यायले.
तोवर तिने अख्खी भाकरी संपवली,
बोटं चाटली, आणि चाटताना
माझ्याकडे बघितलं, चालेल ना म्हणून.

आता दोनला जिन्यावर डबे उघडतात.
उकडलेली अंडी, थालीपीठ, कुणाची मटकी,
एकीचा नुसता ब्रेड, त्यावर मी घरचं लोणी लावते.
वास येतो. येऊ दे, खिडकी आहे.
तीनला लगेच पाय नाही, आधी पढंत,
बोल भरल्या पोटीही म्हणता येतात.

भोईरांनी काट्यावर खडूने लिहिलंय: फक्त धान्य.
आणि खाली, बारीक: बाईंनीसुद्धा.
म्हणजे मागच्या श्रावणात, शटर अर्धं असताना,
बघितलं होतं तर.

कौमुदी हल्ली चौदापर्यंत येते.
पंधराव्याला ढळते, हसते, पुन्हा उभी राहते.
खिळा मी उपटून टाकला.
त्या भोकात आता पीठ साचतं.